"प्रायव्हेट की बदलून देतो" म्हणणाऱ्याला वॉलेट दाखवू नका

पर्वरी, म्हापसा, पणजी ह्या पट्ट्यात क्रिप्टो वॉलेट वापरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचाच, कारण ज्याने माझ्या धाकट्या भावाला लुटलं तो पकडला गेलेला नाही आणि त्याचं बोलणं इतकं पटण्यासारखं असतं की चांगला शिकलेला माणूसही आरामात अडकतो.

भाऊ व्हिडिओ एडिटिंग करतो, क्लायंट बाहेरच्या देशातले, त्यातले काहीजण पेमेंट यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो कॉइन) देतात आणि तेही ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेन नेटवर्कवर. फोनचा डिस्प्ले गेला म्हणून म्हापशाला दुरुस्तीला दिला होता, परत मिळाल्यावर लक्षात आलं की वॉलेटच्या बारा गुप्त शब्दांचा (ज्यांच्याकडे ते असतील त्याला वॉलेट उघडता येतं) स्क्रीनशॉट गॅलरीतच पडून होता. कोणी बघितला असेल की नाही देव जाणे, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने ह्या माणसाचा नंबर दिला, म्हणे तो प्रायव्हेट की, म्हणजे वॉलेटमधले पैसे हलवायची गुप्त किल्ली, बदलून देतो, पैसेही जास्त घेत नाही.

एटीएमचा पिन बदलतो तशी की बदलता येत असेल असं बहुतेकांना वाटतं, आणि ह्याच समजावर ह्या लोकांचा धंदा चालतो. बिटकॉइन असो, इथेरियम असो की ट्रॉन, साध्या वॉलेटची की म्हणजे २५६ बिटचा एक प्रचंड मोठा आकडा, आणि तुमचा अ‍ॅड्रेस, म्हणजे ज्यावर पैसे येतात तो खाते क्रमांकासारखा कोड, त्याच आकड्यातून गणिताने निघतो. की दुसरी घेतली की अ‍ॅड्रेसही दुसराच येणार. ते बारा शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि की त्यांच्यातूनच तयार होते, म्हणजे शब्द तेच तर कीही तीच. अ‍ॅपचा पासवर्ड बदलला तर फक्त त्या फोनवरच्या अ‍ॅपचं कुलूप बदलतं, बाकी काही नाही. की फुटल्याचा संशय आला तर उपाय एकच, नवीन शब्दांचं नवीन वॉलेट बनवायचं आणि जे असेल ते सगळं तिकडे पाठवून द्यायचं, आणि ते घरी बसून आपलं आपल्याला करता येतं, त्यासाठी कोणीही माणूस लागत नाही.

भावाला त्याने पर्वरीच्या एका कॅफेत बोलावलं. पहिलंच वाक्य काय, तर "तुझे शब्द मला दाखवू पण नको हां पात्राव, मी तसला माणूस नाही." इथेच भावाचा विश्वास बसला, कारण शब्द कोणाला सांगू नका एवढं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि हा तर स्वतःहून तेच म्हणत होता. मग वॉलेटमध्ये शंभरच्या वर टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं कॉइन) ठेवायला सांगितले, नेटवर्कची फी म्हणून. एक लिंक पाठवली, ती वॉलेटच्याच ब्राउझरमध्ये उघडायला लावली आणि सहीचा, म्हणजे व्यवहाराला मंजुरी द्यायचा, स्क्रीन आला. वर लिहिलेलं होतं 'अपडेट अकाउंट परमिशन' आणि खाली टी अक्षराने सुरू होणारा एक लांबलचक अ‍ॅड्रेस, जो भावाचा नव्हता. भावाने विचारलंसुद्धा, हा कोणाचा? तर उत्तर आलं, "हीच तुझी नवीन की, शब्द तेच राहतात, आतली की तेवढी बदलते." टी ने सुरू होतो तो ट्रॉनचा अ‍ॅड्रेस असतो, ती की नव्हेच, पण समोरचा एवढ्या शांतपणे सांगत असेल तर ऐन वेळी कोणाला सुचणार?

झालं काय ते नंतर मी नीट समजून घेतलं. ट्रॉनवर प्रत्येक अकाउंटला 'ओनर परमिशन' असते, म्हणजे ह्या अकाउंटचा मालक कोण त्याची नोंद. सुरुवातीला तिथे तुमचाच अ‍ॅड्रेस असतो पण सही करून तो बदलता येतो, आणि ह्या बदलासाठी नेटवर्क खरोखरच १०० टीआरएक्स घेतं, म्हणून ती फी खरी वाटली. सोय वाईट नाही, एकाच अकाउंटवर दोघा-तिघांच्या सह्या लागाव्यात म्हणून ती केलीय. ह्या माणसाने तीच वापरून भावाचा अ‍ॅड्रेस काढला आणि स्वतःचा घातला. की भावाकडे, शब्द भावाकडे, पण अधिकार शून्य!

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की बाहेरून काहीच कळत नव्हतं. बॅलन्स दिसत होता, क्लायंटचं पुढचं पेमेंटही त्याच अ‍ॅड्रेसवर आलं. पैसे आत येत होते, बाहेर मात्र जात नव्हते. भावाने विकायला काढले तेव्हा एरर आला, त्याला फोन केला तर म्हणतो नवी की अ‍ॅक्टिव्हेट व्हायला अजून थोडे टीआरएक्स लागतात, तेही पाठवून झाले, आणि मग एका फटक्यात दोन हजाराच्या वर यूएसडीटी साफ. तेव्हापासून नंबर बंद आहे. मला तर वाटतं तो पुढच्या पेमेंटचीच वाट बघत बसला होता.

दुसऱ्या काही नेटवर्कवर असं थोडंफार बदलता येतं हे खरंय, उदाहरणार्थ एक्सआरपी लेजरवर 'रेग्युलर की' नावाची वेगळी की लावता येते आणि बदलता येते, आणि मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडपासून इथेरियमवरही सही करून आपल्या अकाउंटचा अधिकार एखाद्या कॉन्ट्रॅक्टला (ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामला) देता येतो, की मात्र तीच राहते. म्हणूनच परक्याने दिलेल्या लिंकवर सही करणं म्हणजे शब्द सांगण्याइतकंच धोक्याचं आहे हो.

तुमच्याबरोबर असं काही झालं असेल तर लगेच १९३० ला फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, आणि प्रत्येक व्यवहाराचा हॅश (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), चोराचा अ‍ॅड्रेस, चॅट सगळं जपून ठेवा. घाई ह्यासाठी की पोलिसांनी मागणी केली तर यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी ते गोठवू शकते, पण चोराने ते दुसऱ्या कॉइनमध्ये बदलले की तो रस्ता बंद होतो. क्रिप्टो म्हटलं की लोक तक्रार करायला घाबरतात, आपल्यावरच काही शेकेल म्हणून. अहो, २०२२ पासून सरकार त्याच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स घेतंय, नुसतं जवळ ठेवणं हा गुन्हा नाही. आणि नंतर "गेलेले पैसे काढून देतो" म्हणणारे येतात ना, त्यांना दारात उभं करू नका, भावाला असे मेसेज अजून येतायत.

ज्यांनी कोणाकडून तरी अशी 'की बदलून' घेतलीय त्यांनी आत्ताच ट्रॉनस्कॅनवर (ट्रॉनवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) आपला अ‍ॅड्रेस टाकून परमिशनचा भाग उघडा, तो कोणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. ओनर आणि अ‍ॅक्टिव्ह (रोजच्या व्यवहारांची परवानगी) दोन्हीकडे फक्त तुमचाच अ‍ॅड्रेस पाहिजे. दुसरा दिसला तर त्यात एक टीआरएक्सही घालू नका, आणि क्लायंटला आजच्या आज नवीन अ‍ॅड्रेस कळवा.