प्लायवूडवरचा एफएससी शिक्का: जंगलासाठी भरवशाचा, कपाटातल्या वासासाठी नाही

‘ग्रीन’, ‘इको’, ‘झीरो एमिशन’ असं प्लायवूडवर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. एफएससीचं, म्हणजे लाकूड जबाबदारीनं सांभाळलेल्या जंगलातलं असल्याचं सांगणाऱ्या ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’च्या शिक्क्याचं, तसं नाही. बाहेरची संस्था येऊन तपासते, प्रमाणपत्राची मुदत ५ वर्षं आणि ऑडिट दरवर्षी. शिवाय गिऱ्हाइकाला ते घरबसल्या पडताळता येतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

शीटवर झाडाच्या चिन्हाजवळ ‘एफएससी-सी’ आणि पुढे सहा आकडे असतात. आकडे नसतील तर ती शीट सोडा. असतील तर एफएससीच्या संकेतस्थळावर शोधा. प्रमाणपत्र चालू, निलंबित की संपलेलं ते लगेच कळतं. मग उत्पादनांची यादीही उघडाच. प्रमाणपत्र खरं, पण ते फक्त दरवाजांसाठी, असंही निघू शकतं.

‘एफएससी मिक्स’मध्ये सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं नसतं, काही ‘कंट्रोल्ड’, म्हणजे बेकायदा तोडीचं नसल्याची खातरजमा केलेलं. घ्यायला हरकत नाही, पण ‘एफएससी १००%’चा भाव देऊ नका. आणि शिक्का नाही म्हणजे जंगल तोडलं, असंही नव्हे. हरियाणातल्या यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांत येणारं पॉप्लर आणि निलगिरी बरंचसं शेतकऱ्यांच्या शेतातलंच असतं.

घोळ होतो तो बिलात. घरापुरती शिक्क्याची शीट पुरते, पण इमारतीला ग्रीन रेटिंगचे गुण हवे असतील तर कागद लागतो: बिलावर विकणाऱ्याचा स्वतःचा साखळी-प्रमाणपत्र क्रमांक (जंगलापासून दुकानापर्यंत माल हाताळणाऱ्या प्रत्येकाला घ्यावं लागणारं एफएससी प्रमाणपत्र), आणि मालाच्या ओळीतच ‘एफएससी मिक्स ७०%’ असा दावा. मधला डीलर प्रमाणित नसला की साखळी तिथेच तुटते. कारखान्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून ती सांधली जात नाही. म्हणून ही अट पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा.

आता वास. एफएससी लाकूड कुठून आलं ते सांगतं, ग्लूबद्दल अवाक्षर काढत नाही. एमआर (ओलावा सोसणाऱ्या) ग्रेडला ग्लू म्हणून सहसा युरिया फॉर्माल्डिहाइड रेझिन असतं. दमट हवेत आणि उष्णतेत त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू सुटतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात. बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या) ग्रेडमधलं फिनॉलिक रेझिन त्या मानाने पक्कं. किती फॉर्माल्डिहाइड सुटतो त्यावरून वर्ग ठरतात; त्यातल्या ‘ई-वन’ची युरोपियन मर्यादा चेंबर चाचणीत ०.१२४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे. ‘ई-झीरो’ हा वर्ग युरोपियन मानकात नाहीच, तेव्हा तसं छापलेलं दिसलं तर चाचणी-अहवाल मागा. त्यात चाचणीची पद्धत, तारीख, शीटची जाडी आणि लॅबचा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) क्रमांक बघा. १८ मिमी शीट घेताय आणि अहवाल ६ मिमीचा, तर तो आपल्या मालाचा नव्हे.

ग्रेड खरी आहे का, ते आयएसआय खुणेखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासा. सुताराला कापलेल्या सगळ्या कडांना, भिंतीकडच्या मागच्या कडेलासुद्धा, एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावायला सांगा. फॉर्माल्डिहाइड उघड्या कडेतून जास्त सुटतो.