इन्फोसिसची पुढची खुर्ची: घरचा, बाहेरचा की जाऊन परत आलेला?

सलील पारेख यांना २०२२ मध्ये इन्फोसिसचे सीईओ म्हणून मिळालेली दुसरी मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंतची. त्यांच्यानंतर कोण, हा विषय हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये चघळायला बरा आहे. पण ज्यांच्या डीमॅट खात्यात इन्फोसिसचे दहा-वीस का होईना शेअर आहेत, त्यांच्यासाठी तो नुसत्या गप्पांचा नाही. टीसीएसमध्ये टाटा सन्सकडे सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा आहे, विप्रोत प्रेमजींकडेही तितकाच. तिथे तुमचं-आमचं मत कोण विचारतो? इन्फोसिसच्या सगळ्या संस्थापक कुटुंबांचा हिस्सा मिळून पंधरा टक्क्यांच्या आतच आहे. संचालक मंडळाने नाव ठरवलं तरी त्यावर भागधारकांची मोहोर लागते, आणि त्या मतदानाची लिंक ईमेलने येते. ती न उघडता डिलीट करणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

घरचा माणूस

या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे टीसीएस. रामदोराई, चंद्रशेखरन, गोपीनाथन, कृतिवासन, सगळे आतलेच. मार्च २०२३ मध्ये राजेश गोपीनाथन यांनी मुदत बरीच शिल्लक असताना राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी उत्तराधिकारी म्हणून १९८९ पासून कंपनीत असलेल्या कृतिवासन यांचं नाव जाहीर झालं. बाजाराला घाबरायला वेळच मिळाला नाही. गोपीनाथन स्वतः सीएफओच्या, म्हणजे अर्थप्रमुखाच्या, खुर्चीतून वर आले होते. म्हणून इन्फोसिसचे सीएफओ जयेश संघराजका यांचं नाव कोणी घेतलं तर ‘हिशेबनीस कंपनी काय चालवणार’ म्हणून ते उडवून लावू नये.

अडचण वेगळीच आहे. इन्फोसिसमध्ये वारस तयार होतात, पण टिकत नाहीत. जून २०१३ मध्ये नारायण मूर्ती कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले आणि पुढच्या वर्षभरात वरच्या फळीतले एकामागून एक बाहेर पडले. बी. जी. श्रीनिवास गेले, बालकृष्णन गेले. अशोक वेमुरी आयगेटचे सीईओ झाले. आयगेट म्हणजे २०११ मध्ये पटणी कॉम्प्युटर्स विकत घेणारी कंपनी. आणि १९८१ मध्ये मूर्ती आणि त्यांचे सहकारी याच पटणीतून बाहेर पडून पुण्यात इन्फोसिस काढायला निघाले होते. वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं, फक्त उलट दिशेने. दहा वर्षांनी तोच खेळ पुन्हा: ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रेसिडेंट पदावरचे (हे पद सीईओच्या खालचं) रवी कुमार गेले ते कॉग्निझंटचे सीईओ झाले, आणि मार्च २०२३ मध्ये दुसरे प्रेसिडेंट मोहित जोशी टेक महिंद्रात. प्रतिस्पर्ध्यांना सीईओ पुरवणाऱ्या कंपनीला घरचा माणूस शोधायला दिवा घ्यावा लागतो. डिलिव्हरी, म्हणजे ग्राहकांची कामं पार पाडणं, सांभाळणारे कसलेले लोक आत आहेत, पण कृतिवासन यांच्यासारखं पटकन ओठांवर यावं असं नाव मला दिसत नाही.

बाहेरचा माणूस

इथे इन्फोसिसकडे स्वतःचेच दोन दाखले आहेत, आणि ते शेजारी ठेवले की बरंच काही कळतं.

विशाल सिक्का ऑगस्ट २०१४ मध्ये आले. संस्थापक नसलेले पहिले सीईओ. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट घडवलेले, त्यामुळे डोकं प्रॉडक्टवाल्याचं, मुक्काम पालो आल्टोला. २०२० पर्यंत २० अब्ज डॉलर महसूल, ३० टक्के नफ्याचं मार्जिन आणि माणशी ८० हजार डॉलर महसूल, हे त्यांचं लक्ष्य. माणसांचे तास विकून हा धंदा फार काळ चालणार नाही, ऑटोमेशन तो खाऊन टाकेल, असं ते तेव्हाच सांगत होते. आज ग्राहक एआयचं नाव घेऊन दर पाडून मागतात, तेव्हा सिक्कांचं निदान चुकलं होतं असं कोण म्हणेल? पण पनाया या इस्रायली सॉफ्टवेअर कंपनीची खरेदी, वरिष्ठांचे पगार, कारभाराचे निकष यांवरून मूर्तींशी जाहीर खटके उडाले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्या दिवशी शेअर नऊ टक्क्यांहून जास्त पडला.

पारेख जानेवारी २०१८ मध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच आयटी कंपनीतून आले. तेही बाहेरचेच, पण याच धंद्यातले. मोठी स्वप्नं जाहीर केली नाहीत. व्हॅनगार्ड, डायम्लर अशी मोठी कंत्राटं आणली. २०१७-१८ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलरचा महसूल २०२४-२५ मध्ये १९ अब्जांच्या पुढे गेला. (म्हणजे सिक्कांचा २० अब्जांचा आकडा पाच वर्षं उशिरानेही गाठलेला नव्हता.) यातली मोठी उडी कोविडनंतरच्या दोन वर्षांतली, २०२३-२४ मध्ये वाढ रडतखडत झाली आणि कर्मचारी जवळपास २६ हजारांनी कमी झाले. श्रेय देताना वाऱ्याची दिशाही पाहावी.

मग एक टिकला, एक गेला, हे कशामुळे? स्वभाव, गाव, अनुभव ही कारणं आहेतच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वरचं छत्र. सिक्कांच्या वेळी अध्यक्ष होते आर. शेषसायी, म्हणजे संस्थापकांपैकी नव्हेत. मूर्ती बोलू लागले की मध्ये उभं राहणारं कोणी नव्हतं. पारेख आले तेव्हा अध्यक्ष होते सहसंस्थापक नंदन निलेकणी. ऑक्टोबर २०१९ मध्ये पारेख यांच्याविरुद्धच्या निनावी तक्रारींची बातमी आली आणि शेअर एका दिवसात १६ टक्के कोसळला. तेव्हा चौकशी झाली, जानेवारीत लेखापरीक्षण समितीने क्लीन चिट दिली आणि पारेख राहिले. निलेकणी आणि पारेख दोघेही पवईच्या आयआयटीचे, हा योगायोग. पण संस्थापकच पाठीशी असणं हा योगायोग नव्हता.

विप्रोचा अनुभव थोडक्यात: सीईओ थिएरी डेलापोर्ट तेही कॅपजेमिनीचे, पॅरिसहून कारभार, एप्रिल २०२४ मध्ये मुदतीआधीच बाहेर, आणि खुर्ची तीस वर्षं आत घालवलेल्या श्रीनिवास पल्लियांकडे. कॅपजेमिनीचा शिक्का म्हणजे हमी नव्हे.

जाऊन परत आलेला

कागदावर हा पर्याय सगळ्यात गोड. कंपनी आतून माहीत, बाहेर स्वतः सीईओ होऊन दाखवलेलं. रवी कुमार मात्र जवळपास बाद धरा: कॉग्निझंट आणि इन्फोसिस यांच्यात कॉग्निझंटच्या ट्रायझेटो या आरोग्यविमा सॉफ्टवेअरवरून अमेरिकेत कोर्टबाजी सुरू झाली आणि इन्फोसिसने आपल्या प्रतिदाव्यात त्यांच्यावरच आरोप केले. मोहित जोशींचं गणित जास्त मजेशीर आहे. टेक महिंद्राला त्यांनी तीन वर्षांचा आराखडा दिला, १५ टक्के मार्जिनचं लक्ष्य ठेवून, आणि त्याचं शेवटचं आर्थिक वर्ष २०२६-२७. ते संपतं ३१ मार्च २०२७ ला! तारीख जुळते म्हणून लग्न जुळतंच असं नाही. टेक महिंद्रातली त्यांची मुदत डिसेंबर २०२८ पर्यंत आहे आणि महिंद्रा त्यांना सहज सोडतील असं मानायला कारण नाही.

माझं मत कुठे पडेल

जोशींसारखा माणूस खरोखर मिळाला तर मी डोळे मिटून ‘होय’ म्हणेन. नाही मिळाला तर संघराजका सीईओ आणि शेजारी डिलिव्हरीतला वजनदार माणूस सीओओ (रोजचा कारभार पाहणारा), ही जोडी मला बाहेरच्या चकचकीत नावापेक्षा बरी वाटते. सिक्कांच्या जातीचा प्रॉडक्टवाला आणायची वेळ आज २०१४ पेक्षा जास्त योग्य आहे, हे मान्य. पण त्यासाठी निलेकणी निदान दोन वर्षं अध्यक्ष राहायला हवेत, आणि त्यांनी २०२५ मध्ये सत्तरी गाठली आहे. अध्यक्ष आणि सीईओ एकाच वर्षात बदलणार असतील, तर बाहेरच्या माणसाला माझं मत ‘नाही’.

ठरावाची नोटीस आली की नावापेक्षा आधी स्पष्टीकरणाची पानं उघडा. पगारातला किती भाग शेअरच्या भावावर आणि किती कामगिरीवर, कार्यालय कोणत्या शहरात, अध्यक्षांची मुदत कधी संपते, आणि निवड न झालेल्या वरिष्ठांना थांबवायला काय केलंय. आपल्या मताने काय होतं असं वाटत असेल तर २०१७ आठवा: तेव्हाचे सीओओ प्रवीण राव यांच्या पगारवाढीचा ठराव मूर्तींच्या जाहीर नाराजीनंतर जेमतेम दोन तृतीयांश मतांनी पार पडला होता.