विणलेल्या कपड्यांचा फॅशन शो: विणकाम करणाऱ्यांनी जावं का?

जवळच विणलेल्या कपड्यांचा फॅशन शो आहे असं कळलं आणि लगेच तिकीट काढलं. एरवी फॅशन शोमध्ये स्वेटर जॅकेटच्या आत कुठेतरी दडलेला असतो, इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत लोकर, कॉटन नि मोहेरच.

आधी एक टिप देते, जागा निवडता येत असेल तर रॅम्पच्या टोकाला बसा, जिथे मॉडेल वळतात. पुढून सगळेच स्वेटर छान दिसतात हो, खांदा आणि काख कशी बसलीये ते वळताना कळतं.

मला सगळ्यात आवडला तो मोतिया रंगाचा लांब केबलचा, म्हणजे दोरीच्या पिळासारख्या विणीचा कोट. केबल घातली की कापड आडवं आकसतं, साध्या विणीच्या हिशेबानं टाके घातले तर कपडा अंगाला आवळतो, लोकरही बरीच जास्त लागते, आणि इथे रिब (कडेची ताणली जाणारी उभ्या रेघांची वीण) संपून केबल सुरू होते तिथे विणणारीनं टाके इतके बेतानं वाढवले होते की बॉर्डर कुठे फुगली नाही की कुठे आत ओढली गेली नाही. पाठीवरची मधली केबल मानेपर्यंत चढत गेली आणि तिथे दुभागून कॉलरच्या दोन्ही बाजूंना उतरली. मी तेवढंच बघत बसले, पुढचे दोन कपडे नीट पाहिलेच नाहीत.

कॉटनचा लांब ड्रेस मात्र पटला नाही. कॉटनला लोकरीसारखा ताण नसतो, कपडा स्वतःच्याच वजनानं लोंबतो, आणि त्या ड्रेसचे खांदे खाली उतरले होते, कंबर कमरेवर नव्हतीच. १० सेंमीचा नमुना विणून, धुवून, खाली चिमटे लावून दोन दिवस टांगून ठेवला असता तर हे आधीच कळलं असतं. डिझाइन सुंदर होतं म्हणून जास्त वाईट वाटलं.

दुसरी तक्रार निवेदनाबद्दल. प्रत्येक कपड्याला ‘हँडमेड’ म्हणत होते, पण त्यातला एक बिनशिवणीचा ड्रेस सरळसरळ मशीनचा होता. मशीनचं काम कमी दर्जाचं असं मी अजिबात म्हणत नाही, इंग्लंडच्या विल्यम लीनं १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं तिथपासून शिमा सेइकी या जपानी कंपनीनं १९९५ मध्ये अख्खा कपडा एकसंध विणणारं मशीन आणलं तिथपर्यंत केवढं डोकं लागलंय त्यात, पण मग तसं सांगा ना! हातानं महिनोन्महिने विणणारीलाही न्याय मिळेल आणि मशीनचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्यालाही. कुठला धागा, किती नंबरची सुई, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि क्रोशाचा फक्त एकच पीस, हे तर फारच कमी झालं.

लाइट्स रंगीत होते, त्यामुळे लोकरीचे खरे रंग शो संपल्यावरच दिसले.

पण शो संपल्यावर लगेच निघू नका!! कपडे स्टँडवर लावतात आणि विचारलं तर हात लावू देतात. मी फेअर आयल विणीचा स्वेटर आतून उलटा करून पाहिला. स्कॉटलंडच्या शेटलंडमधल्या फेअर आयल बेटावरच्या या पद्धतीत एका ओळीत शक्यतो दोनच रंग, जो रंग वापरात नाही तो मागून नेतात, आणि हे मागचे धागे ओढले गेले की पुढे सुरकुत्या पडतात. इथे एकही धागा घट्ट नव्हता, लांबचा धागा मध्येच अडकवून घेतलेला, म्हणजे घालताना बोटं अडकणार नाहीत. आतली बाजू इतकी देखणी की तीच बाहेर काढून घालावी.

तिकिटाचे पैसे वसूल झाले, पुन्हा नक्की जाईन. नुसतेच कपडे बघायचे असतील तर थोडं लांबल्यासारखं वाटेल, पण सुया हातात घेणाऱ्या प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं जा.

केबलच्या कोटवाली तिथेच भेटली. कॉलरचं विचारलं तर तिनं कोट माझ्या हातात देऊन बोटानं दाखवलं, मानेपाशी केबलचे १२ टाके सहा-सहा करून टाके धरून ठेवायच्या दोन पिनांवर घेतले, मागचा गळा बंद केला आणि मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणल्या. तिकिटाच्या मागे लिहून आणलंय, कपाटात मोतिया लोकरीच्या लड्या आहेत, आज रात्री नमुना विणायला घेतेय.