थंडीत पुन्हा पुन्हा पेटणारा चेक इंजिन दिवा: कोड पुसतात आणि दुरुस्तीचे पैसे घेतात

बिलावर पाच ओळी: ऑक्सिजन सेन्सर 2, कूलंट टेंपरेचर सेन्सर 1, कूलंट 6 लिटर, थ्रॉटल बॉडी सफाई, मजुरी साडेपाच तास. एकूण रकमेतले 58 टक्के एकट्या ऑक्सिजन सेन्सरांचे. गाडीच्या कंप्युटरने नोंदलेला दोषाचा कोड होता पी0128. म्हणजे कूलंट अपेक्षित वेळेत अपेक्षित तापमानाला पोचत नाही. या कोडचा आणि ऑक्सिजन सेन्सरचा काडीचाही संबंध नाही. ज्याच्यावर पहिला संशय घ्यायचा तो थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, अख्ख्या बिलात कुठेच नाही. गाडी हातात आली तेव्हा दिवा विझलेला होता. पुन्हा कडाका पडला आणि दिवा परत हजर.

ही लबाडी हवामानाच्या जिवावर चालते. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 95 अंशांच्या दरम्यान उघडायला हवा. तो उघडाच अडकला की इंजिन गार असतानाच कूलंट रेडिएटरमधून फिरायला लागतं. बाहेरच्या हवेचं तापमान, इंजिनात जाणारी हवा आणि चाललेला वेळ यांवरून गाडीचा कंप्युटर हिशोब करतो की एव्हाना कूलंट किती तापायला हवं होतं. हवा उबदार असेल तर अडकलेला थर्मोस्टॅटही रडतखडत त्या हिशोबात बसतो. थंडीत बसत नाही. त्यातच बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा पेटत नाही. म्हणजे स्कॅनरचं बटण दाबून कोड पुसला आणि दोन-चार दिवस ऊन पडलं, की हात न लावलेली गाडी दुरुस्त झाल्यासारखी दिसते. हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचाच तर तो धंदा आहे.

खरं तर फसवणूक गाडी ताब्यात घेतानाच उघडी पडली होती. स्कॅनरच्या पडद्यावर रेडिनेस मॉनिटरची, म्हणजे गाडी स्वतःच्या कोणत्या तपासण्या पुऱ्या करून बसली आहे त्याची, यादी समोर होती आणि जवळपास सगळ्यांपुढे ‘अपूर्ण’ लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की कोड नुकताच पुसलाय आणि गाडीने स्वतःची तपासणी अजून केलेलीच नाही. दुरुस्ती झाली याचा तो पुरावा नव्हताच. वर ‘सगळं क्लिअर आहे’ असं छातीठोक सांगण्यात आलं. समोरचा माणूस दिवसभर हीच कामं करतो, दिवा विझलेला दिसतोय, मग सही करणाऱ्याने आणखी काय करायचं होतं? विश्वास ठेवणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा त्या ‘अपूर्ण’कडे बघत ‘क्लिअर’ म्हणणाऱ्याचा आहे.

‘नवे’ ऑक्सिजन सेन्सर तर बघण्यासारखे होते. सेन्सर जिथे एक्झॉस्टच्या पाइपात बसतो तिथे षट्कोनाभोवती गंजाचं कडं अख्खं होतं, कुठे चीर नाही. षट्कोनाच्या कडांवर पान्ह्याची एकही चमक नाही. वायरीच्या रबरी टोपीवर जुना चिखल वाळून बसलेला. वर्षानुवर्षं तापलेल्या पाइपातून सेन्सर काढायचा तर पान्ह्याला जोर लागतो, खुणा राहतात म्हणजे राहतातच. आणि 6 लिटर कूलंट? टाकीतला रंग तसाच गढूळ, नळ्यांचे क्लिप होते त्याच जागी, जुन्या वळासकट.

तक्रारीचं तर विचारूच नका. गॅरेजच्या वरच्या साहेबांनी सांगितलं, हा नवा दोष आहे. कोड तोच, परिस्थिती तीच, तरी नवा! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तज्ज्ञाचा अहवाल मागितला. तज्ज्ञ म्हणाला, पहिल्या वेळची फ्रीझ फ्रेम दाखवा. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचं कूलंटचं तापमान, आरपीएम, वेग, लोड, फ्युएल ट्रिम (कंप्युटर इंधन किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा). कोड पुसला की तीही पुसली जाते. म्हणजे चोराने पुरावा नष्ट करायचा आणि पुरावा नाही म्हणून तक्रार बंद, हा यांचा न्याय! गंजाचे फोटो दाखवले तर ‘फोटोवरून सांगता येत नाही’. गाडी येऊन बघा म्हटलं तर ‘ते आमच्या अखत्यारीत नाही’. मग अखत्यारीत आहे तरी काय? अर्जाला नंबर देणं? एका खिडकीवरून दुसरीकडे धाडताना कोणाच्याही चेहऱ्यावर लाज नव्हती. पैसे भरून, फसून, वर आपणच काहीतरी चुकीचं बोलतोय असं वाटायला लावतात.

तर किल्ली देण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, ओडोमीटरसह. जुने पार्ट परत हवेत, हे जॉबकार्डावर लिहून घ्या.

पी0128 असेल तर तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. गाडी रात्रभर गार राहू द्या. सकाळी चालू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्हींत फार तर थोड्या अंशांचा फरक हवा. मोठा फरक असेल तर सेन्सर किंवा वायरिंगवर संशय. मग इंजिन गार असतानाच कूलंटची पातळी बघा, गरम असताना झाकण उघडू नका. आता इंजिन चालू करून पंख्यापासून हात लांब ठेवत रेडिएटरची वरची नळी चाचपा. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ती गारच राहते आणि मग एकदम तापते. सुरुवातीपासूनच कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. हायवेवर काटा खाली घसरतो, हीटर कोमट हवा फेकतो, ही त्याचीच लक्षणं. थर्मोस्टॅट बदलला तर गॅस्केट नवीन हवं आणि सिस्टीममधली हवाही काढायला हवी, नाहीतर अडकलेल्या हवेने तापमान पुन्हा वेडंवाकडं दिसतं.

कोड पी0171 असेल, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होत असेल, तर गोष्ट वेगळी. थंडीत रबर कडक होतं, इनटेकचं गॅस्केट आकसतं आणि जास्तीची हवा आत शिरते. आयडलवर फ्युएल ट्रिम अधिक 20 टक्क्यांच्या आसपास आणि 2500 आरपीएमला खाली आली, तर हवा गळतेय. उलट वेग वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल तर इंधनाचा दाब किंवा एअरफ्लो सेन्सर. हे न बघता कोणी सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघाला तर तिथून गाडी काढा.

एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड आले तर आधी बॅटरी. गाडी उभी असताना 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर कंप्युटर भलतेच कोड नोंदवू शकतो, आणि त्या कोडांवर महागडे पार्ट विकणारे टपलेलेच असतात.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी थांबवा. मिसफायरमुळे न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. दिवा स्थिर असेल तर घाई नाही, आणि ‘आत्ताच बदला, नाहीतर इंजिन जाईल’ म्हणणाऱ्याला पैसे नाहीत.

गाडी परत घेताना स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ बघा, आणि लांबची टेस्ट ड्राइव्ह बिलात लावली असेल तर दोन्ही ताडून बघा. 2010 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत पर्मनंट कोड वेगळा साठतो. तो स्कॅनरने पुसता येत नाही, गाडीने स्वतः तपासणी पास केली तरच जातो. तो तिथे असेपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.