न्यूझीलंड फुटबॉल: ओशनियात राहावं की आशियात जावं?

2006 मध्ये ऑस्ट्रेलिया ओशनिया (न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांचा फुटबॉल महासंघ) सोडून आशियाई महासंघात गेला, तेव्हापासून न्यूझीलंडसमोर हा प्रश्न आहे. 2022 च्या विश्वचषकापर्यंत आमचं उत्तर ‘जावं’ असंच असतं. ते आता बदललंय, कारण विश्वचषकातल्या जागांचं गणित बदललं.

आधी ओशनियाला अर्धीच जागा होती. विजेत्याला दुसऱ्या खंडाच्या संघाशी प्लेऑफ खेळावा लागे आणि दोन वर्षांची मेहनत दोन सामन्यांत निकाली निघे. 2009 मध्ये बहरीनविरुद्ध त्यांच्या मैदानावर 0-0, मग वेलिंग्टनला 1-0: रोरी फॅलनचा हेडर, मध्यंतरानंतर मार्क पॅस्टनने अडवलेली पेनल्टी. त्या दिवशी जमलं. पुढे 2013 मध्ये मेक्सिकोकडून दोन सामन्यांत मिळून 9-3, 2017 मध्ये पेरूकडून 2-0 आणि 2022 मध्ये कोस्टा रिकाकडून 1-0 अशी हार. चारपैकी एकदाच यश.

2026 पासून 48 संघ आले आणि ओशनियाला एक थेट जागा मिळाली, शिवाय उपविजेत्याला प्लेऑफची संधी. या वेळी न्यूझीलंडचा रस्ता किती लांब होता? पाच सामने. ताहिती 3-0, वानुआतू 8-1, सामोआ 8-0, उपांत्य फेरीत फिजी 7-0, आणि मार्च 2025 मध्ये ऑकलंडला न्यू कॅलेडोनिया 3-0. एकूण 29 गोल केले, एक खाल्ला.

आशियातून हीच वाट कशी असती ते पाहा. 46 संघांत थेट जागा आठ. तळाचे 20 संघ पहिली फेरी खेळले. न्यूझीलंडला ती टळली असती. दुसऱ्या फेरीत चारच्या गटात सहा सामने, तिसऱ्या फेरीत सहाच्या गटात दहा. गटातले पहिले दोन थेट पात्र. तिसरा-चौथा क्रमांक आला तर चौथी फेरी, तिथे दुसरे आलात तर पाचवी, आणि तीही जिंकली तर पुन्हा तोच आंतरखंडीय प्लेऑफ. म्हणजे किमान 16 सामने. शिवाय फिफा क्रमवारीत न्यूझीलंडच्या वर दहाहून जास्त आशियाई संघ असताना पहिल्या आठात यायचं. चीनला तिसऱ्या फेरीतच थांबावं लागलं, इंडोनेशिया चौथ्या आणि अमिराती पाचव्या फेरीपर्यंत जाऊनही थेट जागेपासून दूर राहिले.

मग आशियाच्या बाजूने काय उरतं? खेळाचा दर्जा, आणि तो मुद्दा लहान नाही. फिफा क्रमवारीचं सूत्रच बघा. पात्रता सामन्याचं वजन 25. समोरचा संघ 300 गुणांनी खाली असेल तर जिंकून साधारण 6 गुण मिळतात, बरोबरी झाली तर तेवढेच किंवा थोडे जास्तच जातात. तोच संघ 300 गुणांनी वर असेल तर विजयाला 19 आणि बरोबरीला साडेसहा. ओशनियात आठ गोलांनी जिंकलात तरी क्रमवारी जागच्या जागी. शिवाय आठ गोलांच्या सामन्यात बचावफळीची कसोटी लागत नाही, आणि थेट विश्वचषकात बेल्जियमसारखा संघ समोर आला की ती उणीव उघडी पडते.

क्लबांचं दुखणं वेगळं. वेलिंग्टन फिनिक्स आणि ऑकलंड एफसी ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये खेळतात, पण संघटना ओशनियाची असल्याने आशियाई चॅम्पियन्स लीगचं दार त्यांना बंद. ऑकलंड एफसीने 2024-25 च्या पदार्पणातच लीगमध्ये अव्वल स्थान मिळवलं, तरी आशियाचं तिकीट नाही. हौशी खेळाडूंचा ऑकलंड सिटी मात्र ओशनियाच्या वाटेने 2025 च्या क्लब विश्वचषकात पोचला: जर्मनीच्या बायर्नकडून 10-0 खाल्ले, अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सशी 1-1 बरोबरी केली. या एका मुद्द्यावर आशियाची बाजू निर्विवाद जड आहे.

महिला संघाकडे या चर्चेत कुणी वळतच नाही, खरं तर सगळ्यात मोठं नुकसान तिथेच आहे. ऑस्ट्रेलिया ओशनियात असताना न्यूझीलंडच्या महिला फक्त 1991 चा विश्वचषक खेळल्या. तो गेल्यावर 2007 पासून 2023 पर्यंत एकही चुकला नाही, 2008 पासून प्रत्येक ऑलिंपिकही मिळालं. आशियात गेल्या तर जपान, ऑस्ट्रेलिया, चीन, दोन्ही कोरिया अशी रांग पुढे उभी.

पैशांत फारसा फरक नाही. फिफाचा विकासनिधी प्रत्येक संघटनेला थेट मिळतो (2023-26 साठी कमाल 80 लाख डॉलर), महासंघ कुठलाही असो. महासंघांना मात्र प्रत्येकी सारखेच 6 कोटी: ओशनियात ते 11 सदस्यांत, आशियात 47 सदस्यांत. खर्च वाढेल तो प्रवासाचा. ऑकलंडहून फिजी तीन तासांवर, दोहा सतरा तासांवर. गुरुवारी आखातात आणि मंगळवारी घरी, असा आठवडा युरोपात खेळणाऱ्या खेळाडूंचे पाय मोडतो.

आधीच्या उदाहरणांतून दोन्ही बाजूंचे लोक हवं तेवढंच उचलतात. ऑस्ट्रेलिया गेला आणि 2010 पासून 2026 पर्यंत प्रत्येक विश्वचषकाला पात्र ठरला, 2015 चा आशिया चषकही जिंकला. पण तो आधीच बलाढ्य होता. न्यूझीलंडला जवळचं उदाहरण कझाकस्तानचं. 2002 मध्ये तो आशियातून युरोपात गेला. 2023 मध्ये डेन्मार्कला 0-2 वरून 3-2 हरवलं, अस्ताना आणि कैरात हे त्याचे क्लब युरोपच्या चॅम्पियन्स लीगपर्यंत पोचले, पण मोठी स्पर्धा अजून एकही नाही. शेजारचा उझबेकिस्तान आशियातच थांबला आणि 2026 साठी पात्र ठरला. महासंघ बदलल्याने सामने चांगले मिळतात, विश्वचषक मिळेलच असं नाही.

आमचं मत: ओशनियाची थेट जागा टिकतेय तोवर राहावं, आणि फिफाच्या प्रत्येक खिडकीत (देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत) बाहेरच्या तगड्या संघांशी मैत्रीचे सामने ठरवावेत. धोका एकच, जागा काढून घेतली जाण्याचा. तसं घडलेलंही आहे: डिसेंबर 2002 मध्ये फिफाने ओशनियाला थेट जागा दिली आणि जून 2003 मध्ये परत घेतली.

तशी वेळ आलीच तर तारखेकडे लक्ष हवं. नव्या महासंघाची संमती, जुन्याचं मत आणि फिफाची मान्यता, तिन्ही लागतात. ऑस्ट्रेलियाच्या वेळी सगळ्यांचं एकमत होतं, म्हणून 2005 च्या मार्चमध्ये आशियाने होकार दिला, जूनमध्ये फिफाने शिक्का मारला आणि 1 जानेवारी 2006 ला बदल झाला. या वेळी ओशनियाचा विरोध गृहीत धरा, कारण सर्वांत तगडा सदस्य गेल्यावर थेट जागेसाठी त्यांच्याकडे युक्तिवादच उरत नाही. आशियात विश्वचषक पात्रतेच्या पहिल्या दोन फेऱ्या आशिया चषकाच्याही पात्रता फेऱ्या असतात. त्यांचा ड्रॉ (गट ठरवणारी सोडत) हुकला तर दोन्ही स्पर्धांचं अख्खं चक्र हातचं जातं.