बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर: वर्षभर वापरल्यावर, आणि त्या वीतभर केबलबद्दल

ड्राइव्ह चांगला, केबल भिकार. वर्षभर जवळजवळ रोज वापरून माझं हे मत झालं आहे. मधल्या काळात ते दोनदा फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. वेग, वजन, रंग सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते पुन्हा सांगत नाही.

साताऱ्यात कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. डीव्हीडीचा जमाना गेला असं लोक म्हणतात, पण माझ्याकडे अजून वकीलसाहेबांचे कारकून पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि "याच्या तीन डीव्हीडी मारून द्या" म्हणतात. अपघाताच्या दाव्यातलं सीसीटीव्ही, घरगुती भांडणातलं मोबाइलचं रेकॉर्डिंग, असा सगळा माल असतो. प्रत्येक पक्षकाराला एक प्रत द्यायची, तर पेनड्राइव्ह परवडत नाही. शिवाय डीव्हीडी-आर एकदा क्लोज केली, म्हणजे लिहिणं कायमचं बंद केलं, की तिच्यावर नंतर काही चढवता येत नाही.

आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, सगळा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडींवरून पेटला होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, ६५-ब च्या जागी कलम ६३ आलं आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा ओळखीचा आकडा, लिहायची जागा आली. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. त्यामुळे माझ्या कामात अर्धवट राइट झालेली डिस्क म्हणजे नुसते वीस रुपये पाण्यात नाहीत. ती तशीच फाइलला लागली, तर समोरच्या वकिलाला आयतं बोट ठेवायला जागा मिळते.

आता ड्राइव्हकडे येतो. पहिले काही आठवडे सीडी झकास निघत होत्या. डीव्हीडी मात्र अर्ध्याच्या पुढे गेली की अडकायची. कधी "पॉवर कॅलिब्रेशन एरर", कधी "राइट एरर", तर कधी ड्राइव्ह कॉम्प्युटरमधून गायबच होऊन टुंग आवाजासह परत यायचा. लहान फाइल असली तर काही त्रास नाही, चार जीबीचं सीसीटीव्ही असलं की हमखास.

पहिला संशय डिस्कवर गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. कोऱ्या डिस्क बनवणारी ती कंपनी गेल्यापासून बाजारात पन्नास डिस्कच्या दांडीवर काय माल येतो ते खोक्यावरच्या नावावरून कळत नाही. इम्गबर्न उघडून डिस्कचा मीडिया कोड वाचला की खरा कारखाना समजतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, २०१३ नंतर त्याची नवीन आवृत्ती आलेली नाही, तरी अजून त्याच्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही. एकाच नावाच्या दोन दांड्यांवर मला दोन वेगळे कोड मिळाले. दांडी बदलली. एरर तशीच.

मग विंडोजकडे वळलो. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज दोन पर्याय देतं: पेनड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी बनवायची. आपोआप निवडलेला असतो तो पहिला, आणि कोर्टाच्या कामाला तो उपयोगाचा नाही, कारण अशा डिस्कवर नंतरही फाइल चढवता येते. दुसरा निवडला की फाइल आधी सी ड्राइव्हवर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमा होतात. सी मध्ये जागा नसेल तर तिथेच गाडी अडते. पुष्कळ लोक डिस्क किंवा रायटर खराब म्हणून येतात आणि प्रत्यक्षात सी ड्राइव्ह तुडुंब भरलेला असतो. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण विंडोजच्या मोजणीत ते ४.३७ भरतं, तेही लक्षात असू द्या. जुन्या पद्धतीच्या जोलिएट मांडणीत फाइलचं नाव ६४ अक्षरांच्या पुढे कापलं जातं. डीव्हीआरमधून, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून, आलेल्या फाइलींची नावं तारीख-वेळेने लांबलचक असतात, म्हणून मी यूडीएफ ही नवी मांडणी निवडतो. नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, पण प्रमाणपत्रातलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळलेलं बरं. हे सगळं नीट लावलं, आणि डीव्हीडी पुन्हा निम्म्याच्या पुढे मेली.

निम्म्याच्या पुढेच का, हा प्रश्न मला झोपू देईना. उत्तर डिस्कच्या भूमितीत आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. ड्राइव्ह आतल्या बाजूला सावकाश सुरुवात करतो आणि कडेकडे जाताना वेग चढवत ८ एक्सपर्यंत, म्हणजे सेकंदाला साधारण ११ एमबीपर्यंत नेतो. वेग वाढला की मोटर आणि लेझर दोन्ही जास्त वीज मागतात. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ च्या पोर्टने ९००. माझ्या ड्राइव्हच्या पोटावर १.५ अँपिअर लिहिलं आहे! वीज कमी पडते ती नेमकी शेवटच्या टप्प्यात.

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवरून ड्राइव्ह मागच्या पोर्टवर नेला. पुढच्या पोर्टला आतून आणखी एक लांब वायर असते, तिच्यातही थोडा व्होल्टेज जातो. फरक पडला, पण पूर्ण नाही. वेग ४ एक्सवर आणला, आणखी सुधारणा. शेवटी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला आणि डीव्हीडी सरळ निघू लागल्या. ड्राइव्ह उत्तम, फक्त वीज पुरेशी द्या, असं तेव्हा माझं मत झालं. पुढचे कित्येक महिने ते टिकलं.

आता केबल. ही ड्राइव्हला कायमची जोडलेली आहे, वीतभर लांब, आणि वापर झाल्यावर पोटाखालच्या खाचेत दाबून बसवायची. दिसायला सुबक. पण रोज ती एकाच जागी, रबराच्या तोंडाशी, काटकोनात वाकते. लांबी इतकी तोकडी की मागच्या पोर्टला जोडली तर ड्राइव्ह टेबलावर टेकत नाही, आणि डिस्क फिरत असताना तो लोंबकळत ठेवणं म्हणजे डिस्कवर चरा पाडून घेणं. एक्स्टेन्शन लावावी तर वीज आणखी गळते. पन्नास रुपयांचं सॉकेट दिलं असतं तर गिऱ्हाइकाने आपल्या सोयीची केबल लावली असती. दोन हजारांच्या आसपासच्या वस्तूत एवढी काटकसर करून कंपनीने काय कमावलं?

नवव्या-दहाव्या महिन्यात ती तोंडाशी तुटलीच. बाहेरून शाबूत, आत तार मोकळी. ड्राइव्ह हलवला की चालू, सोडला की बंद. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटर पुण्यात. फोनवर "घेऊन या", तिथे गेल्यावर "केबलचं फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही". मी म्हटलं, साहेब, केबल वेगळी निघतच नाही, मग ती ड्राइव्हचा भाग नाही तर काय? खाच तुम्ही दिली, गुंडाळायचं चित्र तुमच्याच माहितीपत्रकात आहे, आम्ही त्याप्रमाणे गुंडाळली. काउंटरवरच्या मुलाचा दोष नव्हता, त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच तो बोलत होता. केबल स्वतंत्र मिळत नाही, दुरुस्ती होत नाही, पैसे भरून नवीन घ्या, एवढंच उत्तर. लेखी द्या म्हटल्यावर पावतीवर शेरा मारून ड्राइव्ह परत दिला. त्या पावतीची प्रत जोडून कंपनीला मेल केला आहे, उत्तर आलेलं नाही.

परत आलो आणि पोवई नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या भाऊंकडे गेलो. त्यांनी खालचे चार स्क्रू काढले. आत केबलच्या चार रंगीत तारा बोर्डाला सोल्डर केलेल्या. लाल-काळी, म्हणजे विजेची जोडी, केसासारखी बारीक. जुन्या केबलचा निकामी भाग कापून उरलेला तुकडा त्यांनी आधी परत जोडला आणि मला मीटर दाखवला. डिस्क राइट होत असताना पोर्टवर पाच व्होल्ट, बोर्डाशी साडेचारच्याही खाली. मग जाड तारांची, जाळीदार, हातभर लांब केबल लावली. बोर्डाशी व्होल्टेज जवळजवळ पोर्टइतकाच. मजुरीसकट दीडशे रुपये.

इथे माझं मत दुसऱ्यांदा फिरलं. आता हबशिवाय, मागच्या पोर्टवरून, पूर्ण भरलेली डीव्हीडी ८ एक्सने निघते आणि व्हेरिफायही होते. म्हणजे पहिल्या महिन्यातल्या त्या सगळ्या एररमागे हीच केबल होती. लेझर चांगला, मोटर चांगली, ट्रे घट्ट, जुन्या चरे पडलेल्या सीडीसुद्धा वाचतो. एवढं सुरेख यंत्र बनवून त्याला अशी तार लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

विकत घेणार असाल तर केबल निघणारं मॉडेल घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी. हेच मॉडेल आधीच घेतलं असेल तर केबल त्या खाचेत कधीच दाबू नका, सैल वेटोळं करून बाजूला ठेवा. निम्म्याच्या पुढे एरर येत असेल तर डिस्क बदलण्याआधी पोर्ट आणि वीज तपासा. अगदी सुरुवातीलाच कॅलिब्रेशन एरर आली तर डिस्क बदला किंवा लेन्स साफ करा, तो आजार वेगळा. आणि "सक्सेसफुल" दिसलं म्हणून डिस्क हातावेगळी करू नका: ट्रे बाहेर काढून परत आत घ्या आणि हॅश डिस्कवरच्या फाइलवरून काढा, हार्डडिस्कवरच्या नव्हे. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते.