‘ताई, अख्खं मशीनच गेलंय’ : पॉवर विंडोच्या कामात मी कशी फसले

पॉवर विंडोच्या कामात गिऱ्हाइकाला फसवणं फार सोपं असतं. टायर नवा की जुना ते दिसतं, हेडलाइट डुप्लिकेट बसवला तर काचेचा रंग चुगली करतो. दाराचा आतला पॅड मात्र एकदा बंद झाला की आत काय कोंबलंय ते पुन्हा कोणी उघडेपर्यंत कळत नाही. बटण दाबून दाखवतात, काच वर जाते, खाली येते, पैसे देऊन आपण निघतो. माझ्या गाडीच्या दारात काय करून ठेवलं होतं ते उघडकीला यायला पाऊस पडावा लागला.

बिघाड साधा होता. ड्रायव्हरशेजारच्या दाराची काच खाली घेताना आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि काच दाराच्या पोटात घसरली. बटण दाबलं की मोटर फिरल्याची घरघर ऐकू यायची, काच मात्र हलायची नाही. दोन्ही तळव्यांत धरून ओढली की वर यायची, सोडली की परत खाली.

खरी गोम या घरघरीतच होती, म्हणून आतली रचना आधी सांगते. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत केबलचं मशीन असतं. मोटरच्या ड्रमवर स्टीलची बारीक केबल असते आणि रहाटासारखी ती एका बाजूने सुटत दुसऱ्या बाजूने गुंडाळली जाते. केबलला प्लॅस्टिकचा स्लायडर जोडलेला असतो, त्यात काच धरलेली असते आणि स्लायडर एका पट्टीवर वरखाली सरकतो. मोटरच्या पोटात वर्म गिअर असतो. मोटर फिरली तर तो फिरतो, पण काच हाताने दाबून त्याला उलटा फिरवता येत नाही. म्हणूनच बंद केलेली काच बाहेरून कोणी दाबून खाली करू शकत नाही.

याचा अर्थ असा की मोटर जळली तर काच आहे तिथेच अडकून बसते. काच खाली कोसळलीय आणि मोटर फिरतेय, तर बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते आणि तुटलेली असते केबल, नाहीतर तो प्लॅस्टिकचा स्लायडर. उलट बटण दाबल्यावर आवाजच येत नसेल तर फ्यूज बघायचा, मग स्विच, मग दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी (दार हजारो वेळा उघडमीट होऊन त्या आतल्या आत तुटतात), आणि या सगळ्यानंतर मोटरवर संशय घ्यायचा. काच वर जाते पण रडतखडत, तर आधी काचेच्या दोन्ही बाजूंची रबरी चॅनल धुळीने कोरडी पडलीय का ते बघायचं. हे मला नंतर ज्याने दार उघडलं त्या मेकॅनिकने समजावलं. आधीच्यालाही ते माहीत होतंच, त्याचं तर पोटच त्यावर चालतं.

पण गाडी नेली तेव्हा तो पहिला मेकॅनिक म्हणाला, “ताई, अख्खं मशीनच गेलंय. मोटरसकट बदलावं लागेल.”

“मोटरचा तर आवाज येतोय ना?”

“आवाज येतो हो, पण दम गेलाय तिच्यातला. आज तीच ठेवली तर उद्या परत दार खोलायला लागेल. मजुरी डबल.”

या बोलण्यातली चलाखी बघा. मजुरी वाचवायची म्हणून मोटर बदला, हे ऐकायला अगदी आपल्या हिताचं वाटतं. पुढचं वाक्य तर तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल: “कंपनीचं मशीन फार महाग पडेल. माझ्याकडे सेम टू सेम आहे. कंपनीला माल देणारेच बनवतात, फक्त डबा वेगळा. निम्म्याहून कमी पैशात काम होऊन जाईल.”

हे पूर्ण खोटं नाही आणि म्हणूनच ते खपतं. गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. रेग्युलेटर (म्हणजे मोटर सोडून केबल-स्लायडर-पट्टीचा संच), मोटर, स्विच पुरवणारे कारखाने वेगळे असतात आणि त्यांतले काही तोच माल स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात. तसा पार्ट स्वस्त असतो आणि चांगलाही असतो. पण त्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, पार्ट नंबर असतो, डब्यावरचं लेबल आणि आतला माल जुळतो. ‘कंपनीला माल देणारे’ कोण, याचं उत्तर नावानिशी मिळालं नाही तर ते नुसतं बोलणंच. मला डबा दिसला तो कोरा खाकी पुठ्ठ्याचा. बिलावर एकच ओळ होती, ‘विंडो रिपेअर’. पार्टचं नाव नाही, नंबर नाही, मोटर बदलल्याचा उल्लेखही नाही.

गाडी ताब्यात घेताना काच सुरळीत चालत होती. घरी आल्यावर लक्षात आलं की ड्रायव्हरच्या दारावरच्या स्विचपॅनेलवरून ती काच हलतच नाही, फक्त तिच्या स्वतःच्या दारावरच्या बटणानेच हलते. बटण एकदा खेचून सोडलं की काच आपोआप पूर्ण वर जायची, तेही बंद झालं होतं. फोन केला तर म्हणाला, “गाडीचा कॉम्प्युटर नवा पार्ट ओळखत नाही, सगळ्या नव्या गाड्यांत असंच होतं.” यातही अर्धं सत्य आहेच. मोटर बदलल्यावर किंवा बॅटरी काढून लावल्यावर अनेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवावं लागतं, म्हणजे वरचं टोक कुठे आहे ते मॉड्यूल (मोटरला जोडलेलं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट) नव्याने शिकतं. पण ते शिकवायला आधी तशी मोटर दारात असावी लागते.

काही आठवड्यांत काच वर जाताना कुरकुरायला लागली, मग एका बाजूने तिरकी जाऊ लागली. मग फ्यूज उडाला. तो त्याने चटकन बदलून दिला, वर “आता नाही जायचा” असं ठामपणे सांगितलं. तो एवढा ठाम का होता तेही पुढे कळलं. मग पाऊस आला आणि त्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट भिजलं. काच बंद, दार बंद, तरी पाणी आत. तेव्हा गाडी दुसरीकडे नेली.

या दुसऱ्या मेकॅनिकने काम सुरू करण्याआधी एक वर्तमानपत्र घेऊन त्याची जाड सुरळी केली. मागच्या दाराची काच अर्धी खाली घेतली, सुरळी आडवी धरली आणि काच वर सोडली. सुरळीला टेकताच काच थबकली आणि उलटी खाली आली. मग तेच माझ्या दुरुस्त केलेल्या दारावर केलं. बटण धरून ठेवलं तशी काच वरच्या चौकटीत शिरू पाहत राहिली आणि सुरळी चेपत गेली. “ताई, यातला अँटी-पिंच काढून टाकलाय कोणीतरी,” तो म्हणाला.

ज्या गाड्यांत ही सोय असते त्यांच्या मोटरमध्ये फेऱ्या मोजणारा सेन्सर असतो. काचेला मध्येच काही अडलं की मोटरचा वेग पडतो, मॉड्यूलला ते कळतं आणि ते काच उलटी फिरवतं. आपोआप वर जाणाऱ्या काचेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला २१ क्रमांकाचा नियम आहे. फट २०० मिलिमीटरपासून ४ मिलिमीटरपर्यंत कमी होत असताना दाब १०० न्यूटनच्या वर जायच्या आत काचेने मागे फिरलं पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोचं वजन ठेवल्यावर पडतो तेवढा जोर. खिडकीतून डोकं किंवा हात बाहेर काढणाऱ्या लहान मुलांसाठी ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको. मी त्या सीटवर मुलांना बसवत होते.

मग पॅड उघडला. दाराच्या पत्र्यावर मूळचा पॉलिथिनचा पडदा असतो, काळ्या चिकट मसाल्याने चारी बाजूंनी बसवलेला. काचेवरून ओघळणारं पाणी नेहमीच दाराच्या आत जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ न देणं हे या पडद्याचं काम. माझ्या दारात तो फाडून निम्मा काढून टाकला होता आणि उरलेला पॅकिंग टेपने चिकटवला होता. कार्पेट भिजलं ते त्यामुळे. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. तिथे हा पडदा नीट सीलबंद नसेल तर प्रकरण ओल्या कार्पेटवर थांबत नाही.

आत मशीन होतं ते खालच्या व्हेरियंटचं. पट्टी सारखीच, म्हणून बोल्ट जुळले. मोटर मात्र साधी दोन वायरींची, बिनसेन्सरची. माझ्या मूळ मोटरला मॉड्यूल जोडलेलं आणि अनेक पिनांचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, होता. तो कपलर सरळ कापला होता. स्विचमधून येणारी वायर फक्त इशारा पोचवणारी, केसासारखी बारीक. तिच्यातून मोटरचा करंट झेपला नसता. म्हणून दोन पाच-पिनी रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) काळ्या टेपमध्ये गुंडाळून दारात लोंबकळत ठेवले होते आणि मोटरला फ्यूजमधून येणारी, चावीशिवायही चालू राहणारी बॅटरीची लाइन दिली होती. वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या, सोल्डर नाही की क्रिम्प नाही. या जुगाडामुळे ड्रायव्हरच्या पॅनेलवरचं मुलांसाठीचं विंडो-लॉकही त्या दारापुरतं निकामी झालं होतं. शिवाय चावी काढलेली असतानाही ती काच चालायची! मी कधी तपासलंच नव्हतं, कोण तपासतं?

मग त्याने फ्यूजबॉक्स उघडला. पात्याच्या फ्यूजमध्ये रंगावरून अँपिअर कळतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, नारिंगी ४०. झाकणावरच्या तक्त्यात ३० लिहिलेलं, जागेवर नारिंगी. ‘आता नाही जायचा’ याचं गुपित हे. तिरक्या काचेमुळे मोटर अडत होती, अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते आणि फ्यूज आपलं काम करून उडत होता. मोठा फ्यूज घातल्यावर तो उडायचा थांबला, पण वायर होती तेवढ्याच जाडीची राहिली. टेप मारलेला एक जॉइंट तपकिरी पडून कडक झाला होता. खरं सांगते, बाकी सगळ्यापेक्षा मला याचा राग जास्त आला. मोटरच्या बाबतीत लबाडी झाली ती पैशासाठी, तेवढं समजू शकते. पण तक्रार बंद व्हावी म्हणून आगीपासून वाचवणारा एकमेव पार्ट बाद करायचा, याला काय म्हणायचं?

आणि माझी मूळ मोटर? ती चालू होती, सेन्सर-मॉड्यूलसकट. बहुतेक मशीनमध्ये मोटर तीन स्क्रूंवर बसते. ते काढून नव्या रेग्युलेटरवर तीच लावता आली असती. म्हणजे मला हवा होता केबल-स्लायडरचा संच, गळ्यात पडली हलकी मोटर आणि त्याच्याकडे राहिली माझी चांगली मोटर, जिला बाजारात सहज गिऱ्हाईक मिळतं.

दुसऱ्या मेकॅनिकनेही मला नवाकोरा कंपनीचा पार्ट लावला नाही, हे मुद्दाम सांगते. रेग्युलेटर त्याने दुसऱ्या कारखान्याचाच घातला, पण डब्यावरचा नंबर माझ्या गाडीच्या व्हेरियंटशी पडताळून, माझ्यासमोर. मोटर मोडीत निघालेल्या त्याच व्हेरियंटच्या गाडीतली, वापरलेली. “जुनी आहे, किती चालेल याची गॅरंटी नाही, पण सेन्सर आहे,” असं स्पष्ट म्हणाला आणि बिलावर ‘वापरलेली मोटर’ असंच लिहिलं. कापलेल्या कपलरच्या जागी दुसरा कपलर सोल्डर करून बसवला, पडदा नवीन लावला, ३० चा फ्यूज घातला, काचेचं टोक मॉड्यूलला शिकवलं आणि शेवटी पुन्हा वर्तमानपत्राची सुरळी. हा पर्यायी पार्टही स्वस्तातच पडला.

पहिल्याकडे फोटो आणि काढलेलं मशीन घेऊन गेले. आधी म्हणाला, “हे आमचं कामच नाही.” बिल दाखवलं तर म्हणाला, “तुम्हीच स्वस्तात करा म्हणालात.” मी पार्ट स्वस्त घालण्याबद्दल बोललेच नव्हते, मी विचारत होते माझी मोटर कुठे आहे. “भंगारात गेली, तुम्ही मागितली नव्हती.” बरीच हुज्जत झाल्यावर आणि ग्राहक तक्रारीचा कागद लिहून समोर ठेवल्यावर त्याने पार्टचे पैसे परत केले. मजुरी नाही, मोटर तर नाहीच. सुटा पार्ट बिलावर लिहिलेलाच नसल्याने त्याहून पुढे फार ताणता येईना.

ज्यांच्या दाराचं असं काम नुकतंच झालंय त्यांनी आजच एवढं करून बघा. गाडीत आधी अँटी-पिंच आहे का ते मालकाच्या पुस्तिकेत वाचा. असेल तर कागदाची सुरळी आडवी धरून काच परत फिरते का पाहा. हात घालून बघू नका. ड्रायव्हरच्या पॅनेलवरून ती काच चालते का, विंडो-लॉक दाबल्यावर बंद पडते का, चावी काढून दार उघडल्यावरही चालत राहते का, तेही तपासा. चावी काढल्यावर काही गाड्यांत काच थोडा वेळ चालते, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटांनीही चालत असेल तर दाराचा पॅड उघडायला लावा. फ्यूजचा रंग झाकणावरच्या आकड्याशी जुळवा. आणि काम अजून व्हायचं असेल तर गाडी देतानाच, दार उघडायच्या आधी सांगून ठेवा की काढलेला प्रत्येक पार्ट, तुटका असो की धड, डिकीत ठेवायचा. माझ्या दुसऱ्या मेकॅनिकने तो न सांगता ठेवला होता, रिलेसकट.